रिटनवाले ओव्हाळ सर

आमच्या क्लासात गणिताचे सर दर दोन वर्षांनी बदलायचे. कुणी पोस्टात लागायचा, कुणी विमा कंपनीत, आणि क्लासाचे मालक परसराम शेठ नवा माणूस शोधून आणायचे. इंग्रजीचे सर मात्र तेच. धर्मराज ओव्हाळ, राहणार अंबरनाथ. बँकेच्या भरतीची लेखी परीक्षा ते दर वेळी पास व्हायचे आणि दर वेळी मुलाखतीत पडायचे. मी १९९० साली त्या क्लासात गेले तेव्हा हे पाच वेळा झालं होतं. सहावी वेळ माझ्या डोळ्यांदेखत झाली. मुलं त्यांना पाठीमागे 'रिटनवाले सर' म्हणायची, मीही म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि आम्हाला त्याची लाज वाटत नव्हती. आता वाटते. मला लिहायचं आहे ते सातव्या वेळेबद्दल, कारण त्यात मी होते आणि माझी बाजू काही फारशी चांगली नाही.

क्लास उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर जीन्स शिवायचा कारखाना होता. दिवसभर मशिनं घरघरत असायची आणि जिन्यावर निळे दोरे पायात अडकायचे. सर आवाज चढवून शिकवत नसत, म्हणून पुढच्या बाकासाठी आमची भांडणं व्हायची. खोलीला खिडकी एकच. ती उघडली की पलीकडच्या इमारतीची भिंत, हात बाहेर काढला तर लागेल एवढी जवळ. त्या भिंतीकडे तोंड करून हा माणूस सहा वर्षं शिकवत होता.

मी जांभूळ गावची. माझे वडील, नाथा, तिथेच पाणी शुद्ध करायच्या केंद्रात पंपावर कामाला होते. मी बी.कॉम. झाले तेव्हा त्यांनी मला दोन वर्षं दिली. दोन वर्षांत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर बारवी धरणाच्या बाजूचं एक स्थळ त्यांनी मनात धरलेलंच होतं. मला ते स्थळ नको होतं. म्हणून मी ज्या ईर्ष्येने ओव्हाळ सरांच्या पुढच्या बाकावर बसले, तशी आयुष्यात दुसरीकडे कुठे बसले नाही.

पेपरात एक प्रश्न हमखास यायचा. एक इंग्रजी वाक्य, त्यातल्या चार-पाच शब्दांखाली रेघ, आणि खाली चार पर्याय. रेघेच्या जागी कुठला बसतो ते सांगायचं. आम्ही सगळे मराठी माध्यमवाले. शाळेत काळ शिकलो, कर्तरी-कर्मणी शिकलो, आणि तेवढ्या शिदोरीवर उत्तर शोधायला गेलो की तोंडावर आपटायचो. कारण आमच्या व्याकरणात चारही पर्याय बसायचे. प्रश्न एवढाच असायचा की इंग्रज असं बोलतो की नाही. आता जांभूळच्या पोरीला काय ठाऊक इंग्रज कसा बोलतो!

"सर, याचा नियम काय?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"नियम नाही," सर म्हणाले. "ही सोयरीक आहे. कोण कुठल्या घरी दिलेली ते तुझ्या आईला पाठ आहे ना? त्याचा नियम विचारतेस का तिला? तसंच हे. प्रिफर दिलाय टूच्या घरी. तुम्ही त्याला दॅनच्या दारात नेऊन उभं करता. कन्सिडर एकटा राहतो, ॲजला घरात घेत नाही. रिगार्डचं मात्र ॲजशिवाय पान हलत नाही. का? ते त्यांच्या वाडवडिलांना विचारा. तुम्ही फक्त पाठ करा."

वर्ग हसला. पण मला ते इतकं नेमकं कळलं की मी घरी जाऊन वहीच्या मागच्या बाजूला घराण्यांची यादी करायला बसले. आठ महिन्यांत त्या वहीत सहाशे सोयरिकी झाल्या. सरांच्या डोक्यात किती होत्या याचा हिशेबच नव्हता.

त्यांनी त्या कशा जमवल्या हे हिरामणने मला सांगितलं. हिरामण अंबरनाथचाच, सरांच्या वस्तीतला, माझ्याच बॅचचा. बोलण्यात एकदम बिनधास्त. सर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांना उल्हासनगरच्या रद्दीवाल्याकडे एक गाईड मिळालं. त्यात असली बाराशे वाक्यं होती आणि शेवटची, उत्तरांची पानंच नव्हती. कुणीतरी फाडून नेली होती. दुसऱ्या कुणी ते पुस्तक परत रद्दीत टाकलं असतं. सर रोज संध्याकाळी नगरपालिकेच्या वाचनालयात जाऊन इंग्रजी वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि गाईडातला एकेक शब्द छापलेला सापडतो का ते बघायचे. सापडला की तो कुणाबरोबर आलाय ते टिपायचं आणि गाईडात खूण करायची. चौदा महिने हे चाललं. बाराशेपैकी अकराशे साठ उत्तरं त्यांनी अशी एकट्याने शोधली. उरलेल्या चाळीसची रुखरुख त्यांना शेवटपर्यंत होती.

म्हणजे त्यांचं सगळं इंग्रजी डोळ्यांनी मिळवलेलं होतं. कुणाच्या तोंडून त्यांनी ते ऐकलं नव्हतं आणि स्वतःच्या तोंडाने कुणाशी बोलले नव्हते. बोलणार तरी कुणाशी? अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ते कारकून होते, तिथे सगळा कारभार मराठी-हिंदीत. ८६ साली ती कंपनी बंद पडली आणि ते परसराम शेठकडे आले. "बँकेचं होईपर्यंत," असं म्हणून आले होते.

परसराम शेठ सराव-पेपर छापून विकायचे आणि ते पेपर सरच काढायचे. त्यासाठी ते वर्तमानपत्रातून एक चांगलं वाक्य उचलायचे, आणि मग त्याची तीन चुकीची रूपं करायचे. ही चुकीची रूपं काय विलक्षण असायची! अगदी खरी वाटायची. आपण चूक करू तर नेमकी तीच करू, अशी. बाजारात मिळणाऱ्या पेपरात चुकीचे पर्याय लगेच ओळखू यायचे, सरांचे ओळखू यायचे नाहीत. म्हणून तर आमच्या क्लासाची पोरं पास व्हायची.

"एवढं छान कसं करता सर?" मी एकदा विचारलं.

"बरोबर वाक्य मला दुसऱ्याचं घ्यावं लागतं," ते म्हणाले. "चुकीची सगळी माझी स्वतःची."

मी हसले. ते हसले नाहीत.

सहाव्या वेळी मुलाखतीत पडल्यावर काही दिवसांनी दुपारी वीज गेली. खालची मशिनं थांबली, खोलीत एकदम शांत झालं. वर्ग सुटला होता, मी आणि हिरामण जिन्यावर उजेडात बसून पेपर तपासत होतो. हिरामणने विचारलंच, "सर, मुलाखतीत होतं काय नक्की? तुम्ही एवढे शाणे माणूस."

सर वरच्या पायरीवर बसले. म्हणाले, "त्यांच्यासमोर माझे मार्क असतात. इंग्रजीचे मार्क बघतात आणि खूश होऊन इंग्रजीतच सुरू करतात. साधा प्रश्न असतो. तुमचं नाव सांगा, घरी कोण कोण असतं. पण माझ्या तोंडाशी एक वाक्य येत नाही रे, चार येतात. मग मी त्यातलं बरोबर कुठलं ते बघायला लागतो. तोवर ते दुसरा प्रश्न विचारतात. त्याची आणखी चार. मग मी घामाघूम होऊन नुसता बसतो."

"हिंदीत बोलू का म्हणायचं!"

"ते विचारायचं तर त्याचीही चार."

हिरामणला हसू आवरेना, आणि सरही थोडे हसले. मी मात्र हातातल्या पेपराकडे बघत राहिले. हा माणूस दिवसाचे आठ तास चुकीची वाक्यं रचत होता, त्यावर आम्ही पास होत होतो, आणि ती सगळी वाक्यं त्याच्याच घशात जमा होत होती. हे मी तेव्हाच शेठला जाऊन सांगायला हवं होतं. निदान सरांना सांगायला हवं होतं, की पेपर काढणं बंद करा. पण माझी परीक्षा सहा महिन्यांवर होती आणि मला सरांचे पेपर हवे होते.

सरांच्या घरी त्यांची आई होती, गयाबाई. काडेपेटीच्या कारखान्यात काम करून तिने मुलाला शिकवलं होतं. मी एकदा वह्या घ्यायला गेले तेव्हा तिने मला चहा दिला आणि विचारलं, "तुला काय वाटतं पोरी, या खेपेला होईल ना बँकेचं? दोन चांगल्या मुली हातच्या गेल्या. मी म्हटलं, बँकेचं होऊ द्या मग लग्न करू. माझं चुकलं का?"

"होईल हो," मी म्हटलं. लोकांना धीर देताना माझं काय जातं! सर आतल्या खोलीत होते. त्यांना ऐकू गेलं असणार.

१९९१ साली सरांनी शेवटचा अर्ज भरला. मागासवर्गीयांची पाच वर्षांची सवलत धरून क्लार्कच्या जागेसाठी त्यांचं वय पुढच्या वर्षी संपत होतं. यंदा नाही झालं तर मग कधीच नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. परीक्षा आम्ही तिघांनी दिली. सर, हिरामण आणि मी. १९९२च्या फेब्रुवारीत तिघांचीही मुलाखतीची पत्रं आली. माझी आणि हिरामणची एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सरांची अकरा एप्रिलला, शनिवारी.

तेव्हा हिरामणच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. "सरांना ऑब्जेक्टिव्ह जमतं ना? मग आपण इंटरव्ह्यूच ऑब्जेक्टिव्ह करून टाकू. काय टेन्शन घेता!"

त्याचं म्हणणं असं. मुलाखतीत काय विचारतील असे एकशे वीस प्रश्न काढायचे. प्रत्येकाखाली उत्तराचे चार पर्याय लिहायचे. सरांनी त्यातला बरोबर ओळखायचा आणि तोच पाठ करायचा. मग तोंडाशी चार वाक्यं आली तरी बिघडलं काय, त्यातलं बरोबर कुठलं हे आधीच ठरलेलं असेल.

आज हे ऐकून कुणीही म्हणेल, अरे, एकच उत्तर पाठ करा ना, तीन चुकीची कशाला? मीही तेव्हा म्हटलं होतं. पण सर म्हणाले, "समोर चार असल्याशिवाय मला खात्री वाटत नाही," आणि गंमत म्हणजे आम्हालाही ते पटलं. दोन वर्षं आम्ही दुसरं काही केलंच नव्हतं. प्रश्न म्हटला की खाली चार पर्याय असायचेच. ज्याला पर्याय नाहीत तो प्रश्न आमच्या लेखी अभ्यासाबाहेरचा होता.

दोन महिने रोज क्लास सुटल्यावर आम्ही बसलो. बरोबर उत्तर मी तोंडाने बोलायचे, हिरामण ते लिहून घ्यायचा आणि सर त्याची तीन चुकीची करायचे. मग मी साहेबासारखी खुर्चीत बसून प्रश्न विचारायचे. आधी सर अडखळले. पण मार्चच्या शेवटी ते धडाधड बोलायला लागले. तुम्हाला बँकेत का यायचं आहे, तुमच्या गावाचं वैशिष्ट्य काय, अपयश आलं तर काय कराल. कसलाही प्रश्न विचारा, उत्तर तयार. आम्हाला हर्षाच्या उकळ्या फुटत होत्या. त्यात एक गोष्ट आपोआप झाली. ती एकशे वीस उत्तरं दोन महिने मोठ्याने बोलून बोलून माझी जीभ सुटली. तीन एप्रिलला माझी मुलाखत झाली तेव्हा मी अशी बोलले की मलाच आश्चर्य वाटलं. बाहेर आले तेव्हाच मला कळलं होतं की माझं काम झालं.

मुलाखतीला अनुभवाचं पत्र लागायचं. परसराम शेठनी ते सरांना आनंदाने दिलं. "साईं, तुम जाओ बँकेत, मैं रोकता है क्या? असं पत्र देतो, साहेब लोग खडे होके घेतील तुम्हाला." आणि खरंच त्यांनी दोन पानी पत्र टाइप करून आणलं. त्यात लिहिलं होतं की १९८६ पासून इंग्रजीचा सगळा भार श्री. ओव्हाळ एकटेच उचलतात आणि त्यांच्याशिवाय ही संस्था एक दिवस चालू शकत नाही. शेठचा हेतू चांगला होता. तो नेहमीच चांगला असायचा.

आता माझी बाजू सांगते. नऊ एप्रिल, गुरुवार. माझा भाऊ बबन बारावीची परीक्षा देऊन घरी बसला होता. मी आईला म्हटलं, "जूनच्या बॅचला बबनचं नाव घालून ये. पालकाची सही लागते. आजच जा, सरांची इंग्रजीची बॅच लवकर भरते."

मी हे अगदी सहज म्हटलं. भाकरी खाता खाता म्हटलं. आणि आई गेलीसुद्धा.

संध्याकाळी ती परत आली आणि बॅचचं कार्ड माझ्या हातात दिलं. त्यावर बबनचं नाव, बॅच जून, विषय इंग्रजी, आणि शिक्षक म्हणून ध. ओव्हाळ. अक्षर मला लांबूनच ओळखू आलं.

"हे कुणी लिहिलं?"

"सरांनीच लिवून दिलं गो," आई म्हणाली. "कारकून आलाच नवता. सरच बसलं होतं टेबलाशी. मी म्हटलं, बकुळानं धाडलंय, तुमच्याच बॅचला घाला, दुसऱ्या कोनाच्या नको. लय बरा मानूस. मला पानी दिलं. म्हनलं, बकुळाचा भाव ना, पयल्या बाकावर बसवतो."

मी ते कार्ड हातात धरून उभी राहिले.  दोन महिने मी त्या माणसाकडून रोज घोकून घेत होते की मला बँकेत यायचं आहे, आणि त्याच तोंडाने मी त्याला जूनमध्ये त्या खोलीत बसवून मोकळी झाले होते. मुलाखतीच्या दोन दिवस आधी, आणि तेही त्याच्याच हाताने लिहून घेऊन. मला मुद्दाम काही करायचं नव्हतं. पण मनात खरं काय होतं ते मला त्या कार्डावर लिहिलेलं दिसलं. सर पास होतील असं मला एक क्षणभरही वाटलेलं नव्हतं.

शुक्रवारी मी माफी मागायची ठरवून गेले. जिन्यातच हिरामण भेटला. त्याला सांगितलं तर तो खाली बघायला लागला.

"काय रे?"

"मी पण घातलंय नाव. मेहुणीचं. मागच्या महिन्यात."

"हिरामण!"

"मग? दुसरं शिकवणार कोण?" तो म्हणाला, आणि म्हणताना त्याचाच चेहरा पडला. "तसं नाही... मला वाटलं, झालं सिलेक्शन तर फी परत घेऊ."

आम्ही वर गेलो. सर नेहमीसारखेच होते. शर्टाला इस्त्री, फळ्यावर तारीख. माझ्याकडे बघून म्हणाले, "चल, शेवटचं एकदा घे." मी खुर्चीत बसून एकशे वीस प्रश्न विचारले, त्यांनी एकशे वीस उत्तरं दिली. एकही चुकलं नाही. माफीचा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. निघाला असता तर मला हेही सांगावं लागलं असतं की माफी कशाची.

शनिवारी मुलाखत झाली. सोमवारी सकाळच्या बॅचला सर हजर होते. हिरामणने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "सुरुवात छान झाली. पुढे एक प्रश्न अभ्यासाबाहेरचा आला." कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही. शेठनी काहीच विचारलं नाही. त्यांनी सरांसमोर चहा ठेवला आणि जूनच्या जाहिरातीचा कागद ठेवला, मजकूर बघून द्यायला. गयाबाई मात्र निकाल लागेपर्यंत वाट बघत होती. आम्हा सगळ्यांत तिने एकटीनेच मनापासून मानलं होतं की या खेपेला होणार. सरांनी तिला काय सांगितलं, मला माहीत नाही.

मेअखेर निकाल लागला. यादीत माझं नाव होतं, हिरामणचं होतं. सरांचं नव्हतं. वडिलांनी बारवीकडच्या त्या स्थळाला निरोप पाठवला की पोरगी बँकेत लागली, आता घाई नाही. मी घरभर नाचले, हे कबूल करते. दोन दिवस मला सरांची आठवणही आली नाही.

एक जूनला मी पेढे घेऊन क्लासात गेले. बबनला मी बरोबर नेलं होतं, त्याचा पहिला दिवस होता. तो आत जाऊन बसला. सर बाहेर जिन्याशी उभे होते. मी पेढा पुढे केला, त्यांनी घेतला, खाल्ला, आणि मनापासून म्हणाले, "शाबास. बदलापूरला शाखा मिळाली तर बरं होईल, घराजवळ."

मला ते सहन होईना. मी म्हटलं, "सर, मी बबनचं नाव घातलं ते..."

"त्याचं काय?"

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तुला खरंच वाटलं होतं का, मी पास होईन?"

"हो," मी म्हटलं.

ते चुकीच्या पर्यायावर खूण केलेल्या पोराकडे बघावं तसे माझ्याकडे बघत राहिले. मी रडायला लागले. येणारी-जाणारी मुलं बघत होती.

"रडू नकोस," सर म्हणाले. "तुझी आई आली ना, तेव्हा मी टेबलावर जूनचं वेळापत्रकच करत होतो. शेठनी सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. सोमवार ते शनिवार, दोन्ही बॅच, इंग्रजीच्या प्रत्येक चौकोनात माझंच नाव घातलेलं होतं. तू घातलंस त्याचं काय एवढं!"

माझं रडं थांबलं आणि मला त्यांचा भयंकर राग आला. मला स्वतःचा आला होता त्यापेक्षा जास्त. हा माणूस दोन महिने आमच्यासमोर बसून ती उत्तरं देत होता आणि दुसऱ्या हाताने स्वतःला इथे डांबून ठेवत होता!

"तुम्हाला विचारलं तरी काय होतं सर? एवढं काय अभ्यासाबाहेरचं?"

"शेठचं पत्र वाचलं त्यांनी. मुख्य साहेब हसले. चांगले होते बिचारे. म्हणाले, तुमच्याशिवाय एक दिवस चालत नाही म्हणतात, मग तुम्ही इकडे आलात तर तिकडे मुलांना शिकवणार कोण? आधी इंग्रजीत विचारलं. मी गप्प बसलो तेव्हा हिंदीत विचारलं. मग त्यांच्यातल्या एका बाईंनी मराठीत विचारलं."

"आणि तुम्ही गप्प? मराठीतसुद्धा? कुणाचंही नाव सांगायचं होतं सर! कोण तपासायला येणार होतं?"

"आली नाहीत दुसरी नावं," ते म्हणाले. "मी वाट बघत होतो, चार येतील म्हणून. त्या दिवशी एकच उत्तर आलं. तिन्ही भाषांत तेच. बरोबर आहे हेही कळत होतं. पण ते दिलं असतं तर त्यांनी मला उठूनच जा म्हटलं असतं."

"काय उत्तर?"

आतून पोरांचा गलका येत होता. घड्याळात नऊ वाजले होते. त्यांनी माझ्या पुड्यातून आणखी एक पेढा घेतला, कागदात गुंडाळून आईसाठी खिशात ठेवला.

"मीच," सर म्हणाले, आणि तास घ्यायला आत गेले.